काचा किती काळ्या करायच्या? अकोला–अकोट रस्त्यावरचा माझा अनुभव

अकोला ते अकोट हा रस्ता बराचसा दक्षिणोत्तर आहे. मी राहते अकोल्यात आणि नोकरी अकोटला. सकाळी उत्तरेकडे जाताना ऊन पूर्वेकडून, म्हणजे चालकाच्या उजव्या खिडकीतून येतं. संध्याकाळी दक्षिणेकडे परतताना ते पश्चिमेकडून येतं, म्हणजे पुन्हा उजव्याच खिडकीतून. डावी बाजू दोन्ही वेळा सावलीत. वर्षानुवर्षं असं गेल्यावर उजव्या गालावरचे वांगाचे डाग डाव्यापेक्षा गडद झाले, आणि उजव्या हाताचा कोपरापासून मनगटापर्यंतचा रंगही वेगळा दिसू लागला.

त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांनी तपासताना पहिला प्रश्न विचारला तो हाच, की गाडी स्वतः चालवता का. मग त्यांनी समजावलं ते मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. गाडीची समोरची काच दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ थर घालून केलेली असते. तो थर अतिनील किरण जवळजवळ पूर्ण अडवतो. बाजूच्या काचा मात्र नुसत्या टफन केलेल्या असतात. त्या त्वचा भाजणारे किरण बऱ्यापैकी अडवतात, पण त्वचेत खोल जाणारे, डाग पाडणारे यूव्हीए किरण त्यातून बरेचसे आत येतात. २०१२ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात ६९ वर्षांच्या एका माणसाचा फोटो छापून आला होता. २८ वर्षं त्याने मालाचा ट्रक चालवला. तिकडे चालक डावीकडे बसतो, म्हणून त्याच्या चेहऱ्याची फक्त डावी बाजू जाड, सुरकुतलेली झालेली. तो फोटो डॉक्टरांनी मला मोबाइलवर दाखवला. मी निघाले ती काचांना फिल्म लावायची हे ठरवूनच.

अकोल्यात उन्हाळ्याची गोष्ट निराळी सांगायला नको. मे २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात पारा ४५ च्या वर गेला तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी उष्णतेमुळे कलम १४४ लावलं होतं. अशा गावात गाडीला फिल्म म्हटलं की जो तो एकच सांगतो, चांगली काळीभोर करून टाका. दुकानातही तेच. तिथे फिल्म आकड्याने ओळखतात. तीसची म्हणजे तीस टक्केच उजेड आरपार सोडणारी, म्हणजे आकडा जितका कमी तितकी फिल्म काळी.

"मॅडम, तीसची टाका. गाडी बी मस्त दिसते अन् ऊन बी लागत नाही," दुकानदार म्हणाला.

"पोलिसांनी अडवलं तर?"

"मग पन्नासची टाका ना. पन्नास तर कायद्यातच बसते."

हे 'पन्नास कायद्यात बसते' मी नंतर अकोल्यातल्या आणखी दुकानांत ऐकलं, नागपूरला भावाकडे गेले तेव्हा तिथेही ऐकलं. सगळ्यांचा सूर इतका खात्रीचा होता की मी घरी येऊन नियम शोधून वाचायला बसले.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०० असं सांगतो की पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. यालाच दुकानात व्हीएलटी म्हणतात. हे टक्के फिल्मचे नाहीत, गाडीला बसलेल्या काचेचे आहेत. आणि काच मुळात पूर्ण पारदर्शक नसतेच. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना हलकी हिरवट काच कंपनीतूनच येते. तीच काही उजेड खाते, मग उरलेल्यातला काही फिल्म खाते. दोन्हींचा गुणाकार करायचा असतो.

पण त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी अविषेक गोयंका विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात काचेवर काळी फिल्म चिकटवायलाच बंदी घातली, मग तिचे टक्के कितीही असोत. न्यायालयाचं म्हणणं साधं होतं. काच कारखान्यातूनच ७० आणि ५० च्या मर्यादेत गडद बनून आली तर हरकत नाही, पण नंतर वरून काही चिकटवायचं नाही. ४ मे २०१२ पासून हा आदेश लागू झाला. अपवाद फक्त झेड आणि झेड प्लस सुरक्षा असलेल्यांचा, तोही परवानगी घेऊन.

पुढे १ एप्रिल २०२१ पासून नियम १०० ची भाषा बदलली. आता त्यात 'सेफ्टी ग्लेझिंग', म्हणजे सुरक्षित काच-सामग्री, हा शब्द आला, आणि ज्या भारतीय मानकाचा, आयएस २५५३ चा, तिथे आधार घेतला आहे त्यात आतल्या बाजूला प्लास्टिकची फिल्म असलेली काचही धरली आहे. याचाच आधार घेऊन केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये निकाल दिला की ७० आणि ५० ची मर्यादा पाळून फिल्म लावली असेल तर दंड करता येणार नाही. तो निकाल केरळचा. महाराष्ट्रात पोलिसांवर तो बंधनकारक नाही आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा आदेश अजून उभा आहे. म्हणजे मर्यादेतली पारदर्शक फिल्म लावली तरी इकडे कुणी चलान फाडणारच नाही अशी हमी देता येत नाही. दंड कलम १७७ खाली होतो, पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि नंतर १५०० पर्यंत, आणि फिल्म जागेवर सोलायला लावतात ती वेगळी. हे सगळं डोळ्यांसमोर ठेवूनच निर्णय घ्यायचा होता. दुकानदार यातलं काही सांगत नाही, आणि 'काही होत नाही मॅडम' म्हणणाऱ्याला दंड भरायचा नसतो.

नियम कळला तरी मूळ प्रश्न तसाच होता. ऊन थांबवायला काच काळी लागते का? याचं उत्तर मला नागपूरच्या एका दुकानात मिळालं, आणि तेही दुकानदाराला जे दाखवायचं होतं त्याच्या उलट्या बाजूने.

त्याच्याकडे लाकडी चौकटीत तापवणारा दिवा होता. दिव्यासमोर काचेचा तुकडा सरकवायचा आणि पलीकडे हात धरायचा. नुसत्या काचेमागे तळहात क्षणात चटकला. मग त्याने साधी, रंगवलेली काळी फिल्म लावलेला तुकडा घातला. हात तापायचा तो तापलाच, फक्त थोड्या उशिरा. तिसरा तुकडा जवळजवळ पांढरा, म्हणजे बिनरंगी दिसणारा, सूक्ष्म सिरॅमिक कण असलेल्या फिल्मचा. त्यामागे हात बराच वेळ निवांत राहिला. त्याला मला महागडी गडद सिरॅमिक विकायची होती. माझ्या लक्षात राहिली ती पांढरी. सगळ्यात गडद तुकडा सगळ्यात गार नव्हता, आणि सगळ्यात गार तुकड्यातून मला भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येत होतं.

याचं कारण सूर्यप्रकाशातच आहे. जमिनीवर पोचणाऱ्या उन्हाच्या ऊर्जेत निम्म्याच्या आसपास भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा असतो, त्याहून थोडा कमी दिसणाऱ्या उजेडाचा आणि अगदी थोडे टक्के अतिनील. साधी काळी फिल्म दिसणारा उजेड शोषते, म्हणून डोळ्यांना बरं वाटतं, पण अवरक्त किरण बरेचसे जाऊ देते. शिवाय जे शोषलं त्याने काच तापते आणि तापलेली काच आत उष्णता सोडत राहते. चांगली सिरॅमिक फिल्म उजेड फार न अडवता अवरक्त अडवते. आणि अतिनील किरणांचं तर काळेपणाशी काही नातंच नाही. ते अडवणारी द्रव्यं फिल्ममध्ये आणि तिच्या गोंदात मिसळलेली असतात, म्हणून पूर्ण पारदर्शक फिल्मही ९९ टक्के अतिनील अडवू शकते. माझ्या गालाचा प्रश्न काळ्या रंगाशिवाय सुटत होता.

दिव्याच्या प्रयोगावर मात्र पूर्ण भिस्त ठेवू नये. तो दिवा बहुतांशी अवरक्त किरणच फेकतो, त्यामुळे सिरॅमिक फिल्म तिथे खऱ्या उन्हापेक्षा जास्त भारी वाटते. पत्रकावर मोठ्या अक्षरात 'आयआर ९५ टक्के' छापलेलं असतं, ते फक्त अवरक्त भागापुरतं, आणि तेही अनेकदा ठरावीक तरंगलांबीपुरतं मोजलेलं. बघायचा आकडा टीएसईआर, म्हणजे उन्हाच्या एकूण ऊर्जेपैकी किती अडली. पारदर्शक सिरॅमिकमध्ये तो ४५-५० च्या आसपास मिळाला तर उत्तम. विकणाऱ्याने हा आकडा विचारल्याबरोबर दाखवला तर पुढे बोलावं.

टिंट मीटर बघायला मिळाला तोही इथेच. दोन छोटे तुकडे, एक काचेच्या आतून, एक बाहेरून, चुंबकाने एकमेकांना धरून बसतात आणि टक्के दाखवतात. माझ्या गाडीच्या कोऱ्या काचांवर आधी लावून बघा म्हटलं तर त्याला नवल वाटलं, पण त्याने लावला. बाजूची काच ७६. पुढची त्याच्या जवळपासच. आता गुणाकार करा. ७६ च्या काचेवर ७० ची फिल्म म्हणजे ५३, कायद्याच्या आकड्यात. त्याच काचेवर पन्नासची फिल्म म्हणजे ३८. तीसची लावली तर २३. सगळी दुकानं जिला कायदेशीर म्हणत होती ती पन्नासची फिल्म गाडीवर बसल्यावर मर्यादेच्या किती खाली जाते ते त्या एका आकड्यात दिसलं. पुढच्या काचेला तर ७० लागतात, म्हणजे तिथे ९२-९३ च्या खालची कुठलीही फिल्म बसत नाही.

एवढ्यावर सत्तरची घ्यायची हे जवळजवळ नक्की झालं होतं. पण घरात नवऱ्याचं म्हणणं पन्नासचं होतं. त्याचं म्हणणं असं, की ऊन एवढं आहे तर थोडी सावली डोळ्यांनाही हवी. त्याचा मुद्दा खोटा नव्हता. म्हणून दुकानातून ७०, ५० आणि ३५ च्या पट्ट्या मागून आणल्या. फेब्रुवारीतली संध्याकाळ होती. वाटेतल्या चोहोट्टा गावाच्या अलीकडे एका शेताच्या रस्त्याला गाडी आत घेऊन उभी केली, चालकाच्या काचेवर आतून पाणी फवारून पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवल्या आणि अंधार पडायची वाट बघितली. फिल्म घेणाऱ्या प्रत्येकाने हे करावं असं मला मनापासून वाटतं. फिल्म सगळे भर दुपारी दुकानात बसून निवडतात, आणि तिचा त्रास होतो रात्री साडेसातला, दिवे नसलेल्या रस्त्यावर.

नवरा गडद निळा शर्ट घालून कडेने चालत गेला. सत्तरच्या पट्टीतून तो अंधारात मिसळेपर्यंत दिसला, कोऱ्या काचेतून दिसला त्यात आणि यात फरक शोधावा लागत होता. पन्नासच्या पट्टीतून त्याचे पाय आधी हरवले, मग तो. पस्तीसच्या पट्टीत तो काही पावलांतच नाहीसा झाला. तेवढ्यात मागून फरदडीचा कापूस भरलेली एक बैलगाडी आली. मी उजव्या आरशात बघत होते. उजवा आरसा आपण कायम उजव्या काचेतूनच बघतो, ही गोष्ट एरवी डोक्यातही येत नाही. पस्तीसमधून आरशात नुसता काळोख. पन्नासमधून काहीतरी पांढुरकं हलतंय एवढं. सत्तरमधून बैलांची शिंगं आणि वर बसलेला माणूस. त्या बैलगाडीला ना दिवा होता, ना मागे लाल रेडियमची पट्टी. आमच्या रस्त्यावर अशा गाड्या, बिनदिव्याच्या सायकली, डब्बा घेऊन शेतावरून परतणाऱ्या बाया रोज असतात. नवऱ्याने स्वतः गाडीत बसून तिन्ही पट्ट्यांतून बघितलं आणि पन्नासचं नाव पुन्हा काढलं नाही.

आणखी एका माणसाशी बोलून घेतलं, ओळखीतले एक वाहतूक हवालदार. ते म्हणाले, "ताई, मीटर काही सगळ्यांजवळ नसतो. बाहेरून आतला माणूस चेहऱ्यासकट दिसला पायजे, हे आम्ही पाहतो. पण कोणी फिल्म पाहून चलान केलं तर ते बी नियमातच आहे, हे धरून चाला." मग त्यांनी विचारलं, की तुम्ही एकट्या ये-जा करता ना, मग बाहेरच्याला आतलं दिसणं हे तुमच्याच भल्याचं नाही का?

मी स्वतः यावर आधीपासून विचार केलेला होता. काळ्या काचा बाईला सुरक्षित वाटतात, कुणी बघत नाही, सिग्नलला कुणी टक लावत नाही. ते वाटणं मला समजतं. पण आत काही वेडंवाकडं घडत असेल तर काळी काच बाहेरच्या मदतीलाही बाहेरच ठेवते. न्यायालयाने २०१२ मध्ये बंदी घालताना काळ्या काचांआड होणाऱ्या गुन्ह्यांचाच विचार केला होता, आणि त्याच वर्षी १६ डिसेंबरला दिल्लीत ज्या बसमध्ये तो भयंकर प्रकार घडला, तिच्या खिडक्यांवरही काळ्या फिल्म आणि पडदे होते. गाडीत माझा चेहरा बाहेरून दिसावा असंच मला वाटतं.

शेवटी ठरलं ते असं. फक्त बाजूच्या चार काचांना ७० ची सिरॅमिक फिल्म. पुढच्या काचेला काहीच नाही, कारण ती अतिनील किरण आधीच अडवते आणि तिथे लावायला नियमात जागाच उरत नाही. धातूचा थर असलेली फिल्म पुढे लावली तर फास्टॅग वाचायला अडचण येते, ही भानगडही टळली. मागच्या काचेलाही काही नाही. तिथेही ७० ची अट आहे, आणि रात्री रिव्हर्स घेताना मला मागचं स्वच्छ दिसायला हवं. चार काचांचे साडेसात हजारांच्या आसपास गेले. साध्या काळ्या फिल्ममध्ये अख्खी गाडी याच्या निम्म्यात झाली असती, पण ती काही वर्षांत जांभळी पडते हे रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांवर रोज दिसतं.

लावायचं काम मी समोर बसून बघितलं. बंद शेडमध्ये जमीन ओली करून धूळ बसवलेली, पंखा बंद. काच आतून ब्लेडने खरवडून धुतली, रबराच्या बीडिंगच्या फटीतली माती फुंकून काढली. फिल्म आधी काचेच्या बाहेरच्या बाजूला मापून कापली, उष्ण हवेच्या गनने हलकी शेकून काचेच्या गोलाईला बसती केली, मग शाम्पूच्या पाण्यावर आत सरकवली आणि रबरी पट्टीने मधून कडांकडे पाणी काढत नेलं. कारागीर विशीतला असेल, पण त्याचा हात इतका स्थिर होता की वरच्या कडेला सुईच्या जाडीचीसुद्धा फट राहिली नाही. त्याने काचा खाली करायच्या बटणांवर कागदी टेप लावून दिली, म्हणजे सवयीने बोट जाऊ नये. काही दिवस काचा खाली घ्यायच्या नाहीत, दिसणारे बारीक पाण्याचे फोड आपोआप वाळतात, आणि अमोनिया असलेलं काच पुसायचं द्रावण वापरायचं नाही. पावसाळ्यात लावली असती तर वाळायला बराच जास्त वेळ लागला असता, म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर लावणं सोयीचं.

काम झाल्यावर पुन्हा मीटर लावायला लावला. उजवी काच ५३, मागची डावी ५२.

आता फरक काय पडला ते सांगते. उन्हात उभी केलेली गाडी उन्हात उभी केलेली गाडीच राहते. मेच्या चौथ्या आठवड्यात आमच्याकडे शून्य सावली दिवस येतो, सूर्य अगदी डोक्यावर, आणि तेव्हा ऊन छपरातून आणि पुढच्या काचेतून येतं. बाजूची फिल्म तिथे काहीच करू शकत नाही. दुपारी दार उघडल्यावर स्टिअरिंग हाताला चटके देतं ते देतंच, आणि पुढच्या काचेला आतून चंदेरी पत्रा लावल्याशिवाय मी गाडी उभी करत नाही. फरक आहे तो चालवताना. उजव्या हातावर जी भाजल्यासारखी पट्टी जाणवायची ती गेली. पूर्वी वाटेतलं गांधीग्राम येईपर्यंत मी ओढणी हातावर गुंडाळून घ्यायचे, आता तशी गरज वाटत नाही. एसीचा पंखा चारवर ठेवावा लागायचा, तो गाडी एकदा थंड झाल्यावर दोनवर पुरतो. डोळ्यांवरच्या चकाकीत म्हणण्यासारखा फरक नाही. त्यासाठी चांगला गॉगल घेतला आणि तो संध्याकाळी अंधार पडला की काढून ठेवता येतो, फिल्म अशी काढता येत नाही.

गालाबद्दल डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की वांगाला दिसणारा उजेडही पुरतो, त्यामुळे सनस्क्रीन सुटणार नाही. तेही रंगीत, आयर्न ऑक्साइड असलेलं. ते मी रोज लावते. डाग आहेत, पण मागच्या तपासणीत दोन्ही गालांतला फरक वाढलेला नव्हता.

फिल्मचं बिल, कंपनीचं आकड्यांचं पत्रक आणि मीटर लावलेल्या काचेचा फोटो, तिन्ही डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलेत. कुणी अडवलं तर हुज्जत घालायची नाही, कागद दाखवायचे, आणि तरी चलान झालं तर भरायचं, हे घरात बोलून ठेवलं आहे. उद्या महाराष्ट्रासाठी स्पष्ट आदेश आला आणि काढा म्हणाले तर काढेन. पुढच्या एप्रिलमध्ये त्याच दुकानात जाऊन पुन्हा मीटर लावून घेणार आहे, कारण सिरॅमिक फिल्म वर्षाने तेवढीच राहते हे मला सांगितलं गेलं आहे आणि अकोल्याच्या उन्हात ते खरं ठरतं का, हे मला आकड्यात बघायचं आहे.